खेळ चालतो, पण कुणाच्या मर्जीने?

लिनक्सवर व्हिडिओ गेम चालत नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञा लिनक्सला समजाव्यात म्हणून १९९३ मध्ये ‘वाइन’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याच पायावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणले, २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र विक्रीला काढले. हजारो खेळ लिनक्सवर आले.

हे यश अनुवादाचे आहे. मूळ संहिता मात्र बंदच आणि कंपनीच्या ताब्यात राहिली. २०२४ मध्ये ‘एपेक्स लेजंड्स’ने फसवेगिरीचे कारण देऊन लिनक्सवरच्या खेळाडूंना बाहेर काढले. अनुवाद बिघडला नव्हता. परवानगी गेली होती. कंपनीची अडचण खोटी म्हणता येणार नाही. ज्या प्रणालीचा गाभा वापरणाऱ्याला बदलता येतो, तिथे लबाडी पकडणे अवघडच. पण मग मुक्त प्रणालीचा जो मूळ गुण, तोच इथे दोष ठरतो.

‘डूम’ची गोष्ट वेगळी. इड सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, तोही लिनक्सवर चालणारा. कारण डॉस आवृत्तीतल्या ध्वनीच्या भागावर दुसऱ्याचा हक्क होता. चित्रे, नकाशे विकतचेच राहिले. तरी तो खेळ आजही नव्या यंत्रांवर नेता येतो, कुणाला विचारावे लागत नाही.

म्हणून लिनक्सवर किती खेळ चालतात, एवढी मोजदाद पुरेशी नाही. कंपनीने पाठ फिरवल्यावर त्यांतले किती चालतील, हे विचारायला हवे.