संपत्ती, गर्भ आणि दोन तराजू

अमेरिकेतील नोत्र दाम ह्या कॅथलिक विद्यापीठात १३ सप्टेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्क राज्याचे तत्कालीन गव्हर्नर मारिओ क्वोमो यांनी एक व्याख्यान दिले. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी ते अजून वाचले जाते. आणि ते वाचावे अशाच योग्यतेचे आहे. वक्ता कॅथलिक, पेशाने वकील आणि भाषेवर विलक्षण हुकमत असलेला. गर्भपात हे पाप होय असे ज्या राज्यकर्त्याला मनोमन मान्य आहे, त्याने तो कायद्याने बंद करावा की नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न. त्यांच्या उत्तराचा सारांश असा : ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही पती-पत्नी आमच्या संसारात स्वीकारतो, परंतु नाना धर्मांच्या आणि नाना मतांच्या समाजात जनमत अनुकूल नसताना त्या शिकवणीचा कायदा करावा की नाही, हा श्रद्धेचा विषय नसून राजकीय विवेकाचा विषय आहे.

ह्या एका व्याख्यानाभोवती जो वाद उभा राहिला, तो अद्याप शमलेला नाही. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक हक्काचे स्थान दिले होते; २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रश्न पुन्हा लोकप्रतिनिधींच्या हाती सोपवला. त्यामुळे क्वोमो यांचा प्रश्न तेथील मतदारांपुढे आता अधिकच उग्र होऊन उभा आहे. आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले त्या देशात नांदत आहेत. ती सुटीला येतात तेव्हा हा वादही त्यांच्यासोबत घरी येतो, आणि आजी-आजोबा गोंधळून आमच्याकडे पाहतात. म्हणून परंपरानिष्ठ ख्रिस्ती विचारवंतांनी पुरोगामी श्रद्धावंतांना जी उत्तरे दिली, ती येथे तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांतील बरेचसे आम्हांस पटते. जे पटत नाही, ते त्यांच्याच तर्काच्या आधारे पटत नाही.

क्वोमो यांच्यावरील परंपरानिष्ठांचा मुख्य आक्षेप भक्कम आहे. आपल्या समर्थनार्थ क्वोमो यांनी गुलामगिरीचा दाखला दिला होता. यादवी युद्धापूर्वी अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी गुलामगिरीच्या निर्मूलनाचा कायदेशीर आग्रह धरला नाही, परिस्थिती ओळखून ते गप्प राहिले, असे त्यांनी सांगितले. पण ह्या दाखल्याने त्यांची बाजू बळकट होते की दुबळी? गुलामगिरीसमोर पाळलेले मौन आज कोणाला भूषणावह वाटते? 'मी स्वतः गुलाम बाळगणार नाही, परंतु शेजाऱ्याला मज्जाव करणार नाही' असे म्हणणाऱ्याला आपण विवेकी म्हणणार नाही. इतका चतुर वकील स्वतःच्याच साक्षीदाराकडून हरावा, याचे नवल वाटते. ज्या कृत्यात दुसऱ्याचा जीव जातो, ते खासगी श्रद्धेच्या कोपऱ्यात ठेवता येत नाही, हे परंपरानिष्ठांचे म्हणणे आम्ही पूर्णतः मान्य करतो.

क्वोमो यांच्या आधी नऊ महिने, ६ डिसेंबर १९८३ रोजी, शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी फोर्डम विद्यापीठात 'जीवनाविषयीची सुसंगत नीती' मांडली होती. गर्भपात, अण्वस्त्रे, देहदंड, भूक आणि बेघरपण हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गर्भातील दुर्बलाचा कैवार घेणाऱ्याने जन्मलेल्या दुर्बलांच्या बाजूनेही तितक्याच उघडपणे उभे राहावे, हा तिचा गाभा. प्रभूच्या बिनशिवणीच्या अंगरख्याची उपमा ह्या विचाराला चिकटली. परंपरानिष्ठांना भीती वाटली की, ह्या अंगरख्याखाली गर्भपाताचा प्रश्न झाकला जाईल. दहा प्रश्नांपैकी नऊ प्रश्नांत उत्तम गुण मिळवणारा पुढारी दहाव्याकडे निर्धास्तपणे काणाडोळा करील. ही भीती अनाठायी नव्हती. पुढे खुद्द बर्नार्डिन यांनीच आपल्या मांडणीचा काहींनी असा वापर केल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. मात्र त्यांचे मूळ भाषण वाचणाऱ्याला दिसेल की, हे प्रश्न परस्परसंबद्ध असले तरी एकरूप नाहीत, असे त्यांनी आरंभीच बजावले होते. दोष अंगरख्यात नव्हता, तो पांघरणाऱ्यांत होता.

पवित्र शास्त्राच्या आधारे पुरोगामी एक युक्तिवाद करतात, त्याचाही परामर्श घेतला पाहिजे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात दोन पुरुषांच्या मारामारीत गर्भवतीला धक्का लागून तिचे मूल पडले, तर दंड सांगितला आहे; प्राणदंड नाही. यावरून गर्भाला पूर्ण मनुष्याचे मोल नाही, असे ते अनुमान काढतात. परंपरानिष्ठांचे उत्तर मार्मिक आहे. एक तर हा अपघात आहे, हेतुपूर्वक केलेली हत्या नव्हे. दुसरे, त्याच अध्यायात थोडे आधी, धन्याच्या मारानंतर गुलाम एकदोन दिवस जगून मग मेला तर धन्याला शिक्षा नाही, असे म्हटले आहे. मग गुलामाला आत्मा नाही असे म्हणावयाचे काय? शिक्षेच्या प्रमाणावरून जीवाचे मोल ठरवणे ही वाचनाची चुकीची रीत आहे. मरियेचा आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या उदरात बालकाने उडी घेतली, हा लूकने नोंदवलेला प्रसंग आपल्या परंपरेने नेहमीच अधिक जवळचा मानला आहे.

येथवर आम्ही परंपरानिष्ठांच्या सोबत आहोत. संपत्तीचा विषय निघाला की मात्र त्यांचा तराजू बदलतो.

हा बदल जुना आहे. पोप तेविसावे जॉन यांचे सामाजिक न्यायावरील 'मातेर एत मजिस्त्रा' हे परिपत्र १९६१ साली आले, तेव्हा अमेरिकेतील 'नॅशनल रिव्ह्यू' ह्या परंपरानिष्ठ नियतकालिकाने परिपत्राच्या नावावरच कोटी केली : ख्रिस्तसभा माता म्हणून कबूल, गुरू म्हणून नाही. पुढे १९८६ साली अमेरिकन बिशपांनी 'सर्वांसाठी आर्थिक न्याय' हे पत्र काढले. त्याचा पहिला मसुदा १९८४ साली बाहेर पडण्याच्या सुमारासच, माजी अर्थमंत्री विल्यम सायमन आणि तत्त्वचिंतक मायकल नोव्हाक यांच्या पुढाकाराने प्रापंचिकांचे एक प्रतिपत्र प्रसिद्ध झाले. नोव्हाक हे सामान्य लेखक नव्हेत. 'लोकशाही भांडवलशाहीचे चैतन्य' हा त्यांचा १९८२ चा ग्रंथ गंभीर आहे. संपत्ती आधी निर्माण व्हावी लागते, मगच ती वाटता येते. उद्यमशीलता हीदेखील निर्मात्याच्या प्रतिमेची एक खूण आहे. शासनाच्या सक्तीने केलेले दान हे दान नव्हे. हे विचार झटकून टाकण्याजोगे नाहीत. आरंभीच्या ख्रिस्ती समूहात सर्व काही समाईक होते असे पुरोगामी सांगतात, तेव्हा परंपरानिष्ठ हनन्याच्या कथेकडे बोट दाखवतात : शेत तुझेच होते, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, अशा अर्थाचे पेत्र त्याला बोलतो. म्हणजे ते दान ऐच्छिक होते. हेही खरे आहे.

परंतु त्यांच्या युक्तिवादाचा सांगाडा नीट न्याहाळावा. गरिबांविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण आम्हांला मान्य आहे, आम्ही व्यक्तिशः दानधर्म करतो. पण तिचे कायद्यात, करात, किमान वेतनात रूपांतर करावे की नाही, हा विवेकाचा विषय आहे, त्यात भल्या माणसांचे मतभेद असू शकतात. हे आपण कोठे ऐकले? हे क्वोमो यांचेच व्याख्यान आहे. केवळ विषय बदलला आहे. गर्भपाताच्या बाबतीत जी पळवाट परंपरानिष्ठांनी बुजवली, तीच संपत्तीच्या बाबतीत त्यांनी राजमार्ग म्हणून बांधून काढली. पुरोगामीही ह्यातून सुटत नाहीत, कारण वेतनाच्या प्रश्नात नीतीचा कायदा व्हावा असे मानणारा क्वोमोपंथीय गर्भाच्या प्रश्नात तो होऊ नये असे मानतो.

ह्यावर परंपरानिष्ठांचे एक प्रत्युत्तर आहे आणि ते खरे वजनदार आहे. निरपराध जीवाची हेतुपुरस्सर हत्या हे स्वभावतःच दुष्ट कृत्य आहे. त्याला अपवाद नाही. कर किती असावा, यात मात्र अनेक उत्तरे संभवतात. कार्डिनल रात्झिंगर यांनी २००४ साली अमेरिकन बिशपांना पाठवलेल्या टिपणात सर्व नैतिक प्रश्नांचे वजन सारखे नसते, असे स्पष्ट केले होते. आर्थिक न्यायावरील पत्रातही बिशपांनी तत्त्वे वेगळी आणि धोरणविषयक सूचना वेगळ्या, असा भेद स्वतःहून केलेला आहे. हा भेद आम्ही सेमिनरीत शिकलो आणि आजही मानतो. तथापि विवेकाला मोकळीक आहे ती साधनांच्या निवडीत, कर्तव्यातून सुटण्याची नव्हे. औषध कोणते द्यावे यावर दोन वैद्यांचे मतभेद होतील. रोग्याला तसेच टाकून जाण्याला मतभेद म्हणत नाहीत. मजुराची मजुरी अडवून ठेवणे हे तर धर्मशिक्षणाच्या जुन्या पुस्तकांत स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या चार पापांत, मनुष्यहत्येच्याच पंक्तीत, गणलेले आहे. आमच्या पिढीने ती यादी तोंडपाठ केली होती.

निवडक वाचन किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण २००९ सालचे आहे. त्या वर्षी सोळावे बेनेडिक्ट यांचे 'कारितास इन वेरिताते' हे परिपत्र निघाले. त्यात जीवनाविषयीचा खुलेपणा आणि मानवी विकास यांची सांगड घातलेली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांचे चरित्रकार जॉर्ज वायगेल यांनी त्यावर लिहिताना सुचवले की, पोपमहोदयांच्या स्वतःच्या विचारांवर सोनेरी खूण करावी आणि व्हॅटिकनच्या न्याय व शांती परिषदेने घुसडलेल्या भागावर लाल. सोनेरी भाग कोणता आणि लाल कोणता, हे वाचकाने ओळखावे. संपत्तीच्या वाटपावरील परिच्छेद बहुधा लाल निघतात. वायगेल व्यासंगी लेखक आहेत, म्हणूनच हे खटकते. पोपमहोदयांनी ज्या दस्तऐवजावर सही केली, तो सबंध त्यांचाच असतो.

दोन्ही पक्षांच्या मांडणीची एक परीक्षा आपल्याच राज्यात झाली आहे. गरिबी हटवा, म्हणजे गर्भपात आपोआप घटतील, असे पुरोगामी म्हणतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. उसाने आणि साखर कारखान्यांनी सधन झालेल्या कोल्हापूर, सांगली जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच खाली होते. दरिद्री, आदिवासी गडचिरोलीत ते बरेच वर होते. मुली गर्भातच नाहीशा होत होत्या, त्या दारिद्र्यामुळे नव्हे. जमिनीचा वाटा, हुंडा आणि वारस यांच्या हिशेबामुळे. परंपरानिष्ठ म्हणतात, कडक कायदा करा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरी २०११ साली राज्यातील आकडा ८९४ वर घसरला. कायदा हवाच होता, पण संपत्तीच्या लोभाला हात न लावता तो एकटा पुरा पडला नाही. येथे गर्भ आणि संपत्ती हे दोन विषय राहतच नाहीत.

प्राचीन ख्रिस्तसभेला ते कधी दोन वाटलेही नव्हते. 'डिडाखे' ही प्रेषितांच्या शिकवणीची पुस्तिका पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या संधिकाळातील मानली जाते. तिची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली. तीत मृत्यूच्या मार्गाने चालणाऱ्यांची जंत्री आहे. बालकांचे प्राण घेणारे, गरजवंताकडे पाठ फिरवणारे, पीडितांना छळणारे, श्रीमंतांची वकिली करणारे हे सर्व तेथे एकाच दमात मोजलेले आहेत. चौथ्या शतकात संत जॉन क्रिसोस्तम यांनी श्रीमंत आणि लाजर यांच्यावर प्रवचनांची मालिकाच केली. त्याच क्रिसोस्तमांनी गर्भपातावर बोलताना, स्त्रीला त्या थराला नेणाऱ्या पुरुषाला आधी जाब विचारला. हा पुरुष आजच्या दोन्ही पक्षांच्या भाषणांत अभावानेच आढळतो.

त्याच शतकातील संत बेसिल यांनी दुष्काळात धान्य दडवून ठेवणाऱ्यांना प्रवचनपीठावरून झोडपले आणि कैसरियाच्या वेशीबाहेर रोग्यांसाठी व निराधारांसाठी वसाहत उभारली. गर्भपाताच्या बाबतीत गर्भ आकाराला आला होता की नव्हता, हा कीस काढण्यास त्यांनी नकार दिला. तो त्यांनी हत्येतच गणला. मात्र त्याच नियमात त्यांनी पुढे लिहून ठेवले की, अशा स्त्रियांचे प्रायश्चित्त मरेपर्यंत लांबवू नये, दहा वर्षांची मुदत पुरे मानावी, आणि त्यांचे बरे होणे वर्षांच्या संख्येवरून नव्हे, पश्चात्तापाच्या खोलीवरून ठरवावे.