सुंदर गाळाचा पेच

पाण्यावर काम करणाऱ्या दृश्यकलावंताची पहिली अडचण पाणीच करतं. नासलं तरी ते देखणं दिसतं. यमुनेवरचा पांढरा फेस, तवंगाचे इंद्रधनुषी रंग, गाळाच्या काळ्या छटा, हे सगळं कॅमेऱ्यात छान येतं. मग पर्यावरणाची चिंता भिंतीवर चढते आणि तिथे तिची शोभा होते. म्हणून अशा कामांना एक प्रश्न विचारावासा वाटतो : हे काम पाण्याची अवस्था दाखवून थांबतं, की त्यामागची व्यवस्थाही उघडी करतं?

हान्स हाके या जर्मन कलावंताने १९७२ मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. क्रेफेल्डच्या संग्रहालयात त्याने ऱ्हाइनचं घाण पाणी आणलं, ते शुद्ध करून त्यात गोल्डफिश सोडले आणि उरलेलं पाणी बागेत मुरवलं. नदीत सांडपाणी सोडणारं शहर तेच आणि संग्रहालयही त्याच शहराचं. यजमानाच्या दिवाणखान्यात बसून त्याच्याच मोरीचा हिशेब मांडण्याचा हा प्रकार होता.

आपल्याकडे बरंच काम यमुनेवर झालं. दिल्लीतल्या तिच्या जेमतेम २२ किलोमीटरच्या पट्ट्याने कलावंतांची एक पिढी खिळवून ठेवली. २००५ मध्ये अतुल भल्ला हळूहळू त्या पाण्यात बुडत गेले आणि त्या बुडण्याची छायाचित्रमालिका झाली. पवित्र डुबकी आणि गुदमरणं यांतलं अंतर तिथे पुसलं जातं. नदीची घाण कलावंताच्या नाकातोंडाशी येते. विभा गल्होत्रा यांची हजारो घुंगरांनी विणलेली भित्तिशिल्पं मात्र पेचात टाकतात. कारागिरी थक्क करते, पण त्या चकाकीत नासलेली नदी मऊ होऊन जाते. त्यांच्याच ‘मंथन’ या चित्रफितीत पांढरं कापड नदीत बुडतं आणि काळं होऊन वर येतं. तिथे सौंदर्याला पळवाट उरत नाही.

मुंबईने वेगळा प्रश्न विचारला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पूर आला. त्यानंतर अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी २००९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘सोक’ हे प्रदर्शन मांडलं. जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये नकाशावर ओढलेली ठाम रेघच खोटी आहे, हे शहर खाडीमुखावरचं आहे, असं त्यांचं म्हणणं. इथे नकाशा हीच कलाकृती होती आणि आरोपपत्रही. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल तिथली खाडी आतून पाहतात. त्यांच्या शिल्पांतले समुद्रजीव आणि त्यांनी उभारलेला कोळी समाजाचा संग्रह यांमुळे खाडी बिघडण्याला घरातल्या माणसाचा आवाज मिळतो.

तरी या साऱ्यांहून मला ‘नलपार’ महत्त्वाचं वाटतं. नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधल्या कोंडागावात राजकुमार, शांतीबाई आणि गेस्सूराम या आदिवासी कलावंतांसोबत हातपंपांभोवतीच्या जागा नव्याने घडवल्या. भरलेला हंडा डोक्यावर घेण्याआधी मध्ये टेकवायला आधार, बायका-मुलांना थांबायला जागा आणि भोवती स्थानिक चिन्हांचं शिल्पकाम. शिल्पाचा आकार ठरला तो पाणी भरणाऱ्या बाईच्या कंबरेच्या आणि डोक्याच्या उंचीवरून.

‘नलपार’ शेजारी ठेवलं की बाकीच्या कामांतली उणीव दिसते. तिथे नदी आहे, पूर आहे, खाडी आहे; आटलेली बोअरवेल नाही, टँकरसाठी लावलेली हंड्यांची रांगही नाही. वाहणारं पाणी चित्राला प्रतिमा देतं, भूजल देत नाही. मराठवाड्याचा दुष्काळ वर्तमानपत्री छायाचित्रांत भेगाळलेल्या जमिनीपुरता उरतो, त्याचंही हेच कारण असावं. ही अडचण हुशार प्रतिमा शोधून सुटणार नाही. त्यासाठी काम करण्याची पद्धतच बदलावी लागेल. आणि समीक्षेचीही. हातपंपावरच्या शिल्पाबद्दल लिहायचं तर तिथे रोज पाणी भरणारीचा अभिप्राय समीक्षकाने आपल्या अभिप्रायाच्या वर ठेवायला हवा.