‘एपिडेमिक’ आणि ‘ऱ्यूको’ : अर्थविस्ताराच्या दोन दिशा

इंग्रजी ‘एपिडेमिक’साठी जपानी विद्यार्थ्यासमोर अनेकदा ‘ऱ्यूको’ हा प्रतिशब्द ठेवला जातो. ही समानार्थता अपुरी आहे. ‘ऱ्यूको’च्या घटकांचा अर्थ वाहणे व जाणे, म्हणून तो इन्फ्लुएंझाच्या साथीला लागू पडतो, तसाच नव्या पोशाखाच्या लोकप्रियतेलाही. ग्रीक ‘एपि’ (वर) आणि ‘डेमोस’ (लोक) यांपासून आलेला ‘एपिडेमिक’ मात्र रोगाच्या क्षेत्राबाहेर गेला, तरी अनिष्टाची छाया सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या अहवालाने लठ्ठपणाला ‘जागतिक एपिडेमिक’ संबोधले, तेव्हा संसर्ग नव्हे, तर व्याप्ती व धोका अभिप्रेत होता. परिणामी, एखाद्या फॅशनचे कौतुक करताना हा शब्द योजणारा जपानी विद्यार्थी नकळत तिची निंदा करतो. म्हणून केवळ प्रतिशब्द न देता, तो कोणत्या नामांसह येतो, हेही शिकविणे अगत्याचे ठरते.