नरशाचे भूत कोणाला दिसते?

वसंत जोगळेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'हा खेळ सावल्यांचा' हा चित्रपट १९७६ साली आला. आशा काळे, डॉ. काशिनाथ घाणेकर, लालन सारंग ही त्यातली ठळक नावे. गीते सुधीर मोघे यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. मराठी चित्रपटाच्या गाठीला तेव्हा पैसा थोडाच असे. त्या थोड्या पैशात, यंत्रांच्या करामतीवाचून, काळोख, आवाज आणि एका बाईच्या मनातली धास्ती यांवर हा भयपट उभा राहिला. जवळपास पन्नास वर्षे होत आली तरी लोक तो पाहतात आणि त्यावर हिरिरीने बोलतात. बीड जिल्ह्यात तो कोणी जत्रेतल्या तंबूत पाहिला, कोणी भाड्याच्या व्हिडिओवर, कोणी दूरदर्शनवर. आताची पोरे मोबाईलवर पाहतात. चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पाहणाऱ्यांच्या मतांची तपासणी मात्र कोणी करीत नाही. इथे ती करावयाची आहे.

कथा थोडक्यात अशी. इंदू ही खात्यापित्या घरची मुलगी. नरसू, म्हणजे नरशा, हा त्या घरचा गडी. त्याची तिच्यावर वाईट नजर. तो मरतो आणि मग त्याचे भूत तिला दिसू लागते. शेवटी उलगडा होतो: भूतबीत काही नव्हते, भुताच्या आड जिवंत माणसांचा डाव होता.

आता मते पाहू. पांढरपेशा प्रेक्षकाचे मत बहुधा एकच असते: गाणी अप्रतिम, भीती निर्मळ, आणि शेवटच्या उलगड्याने मजा थोडी उतरली. हे मत स्मरणरंजनाचे आहे. त्याला आपल्या लहानपणीचा थरार आठवतो. नरशा कोण होता हे आठवत नाही. दुसरे मत वाड्यावरचे. तिथे नरशा हे नाव पोरांना भिववायला कामी आले. अंगाने आडदांड, रंगाने काळा असा सालगडी दिसला की त्यालाही ते चिकटवले गेले. म्हणजे उलगडा झाला तो पडद्यावर. मनातला नरशा जिथल्या तिथेच राहिला.

तिसरे मत आपल्या वस्त्यांतले. ते छापून येत नाही. पारावरही नीट बोलले जात नाही. केज, धारूर, वडवणीकडच्या वस्त्यांत, कारखान्यावरच्या कोपीत ते मी ऐकले आहे. ते असे की, भूत खोटे निघाले हे बरे झाले, पण डाव करणाऱ्यांना भुताच्या सोंगासाठी गडीच कसा सापडला?

हा प्रश्न वरवर भाबडा वाटेल. माझ्या मते या चित्रपटावर आजवर झालेल्या सगळ्या समीक्षेपेक्षा तो खोल आहे. कारण डाव रचणारा हाही एक दिग्दर्शकच असतो आणि त्याला आपला प्रेक्षक ओळखावा लागतो. इंदूने, तिच्या घराने, गावाने कशाला घाबरावे हे त्याला आधीच ठाऊक असते. मेलेला गडी पुन्हा दारात उभा राहील, ही धास्ती नव्याने निर्माण करावी लागत नाही. ती वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे. पाडव्याला साल ठरवायचे, उचल द्यायची, वर्षभर माणूस राबवायचा, आणि तो माणूस एक दिवस हिशेब मागायला येईल या विचाराने रात्री दचकून उठायचे, अशी ही धास्ती आहे.

आपल्या गावगाड्याने भुतांनाही जात दिली आहे, हे विसरू नये. मुंज होऊन मेलेला बामणाचा पोर तो मुंजा. त्याचे ठाणे पिंपळावर. ब्राह्मण मेला आणि वासना राहिली की तो ब्रह्मसमंध. खवीस म्हणजे बहुधा मुसलमान किंवा हलक्या मानलेल्या जातीचा मृतात्मा, आणि तो सर्वांत क्रूर. माणूस सरणावर जळून गेला तरी त्याची पायरी जळत नाही! नरशाची जात चित्रपटाने सांगितली नाही. सांगण्याची गरज काय होती? गडी म्हटले की प्रेक्षक ती आपल्या पदरची घालतो, आणि आपापल्या जागेवरून घालतो.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. बाईवर हात टाकणारा गुन्हेगारच. तो गडी आहे म्हणून त्याची तरफदारी करण्याचे कारण नाही. इंदूची भीती खरी आहे. परंतु शेतावर, वाड्यावर, उसाच्या फडात वाईट नजर कोणाची आणि कोणावर, हे बीड जिल्ह्यातल्या रोजंदारीच्या बाईला विचारा. दसरा उलटला की नवरा-बायकोच्या कोयत्यावर उचल घेऊन हजारो जोडपी कारखान्यांकडे निघतात. मुकादम, फड, काळोखी पहाट, उघड्यावरची कोपी. तिच्या आयुष्यातला भयपट कोणी काढला नाही. पडद्यावर मात्र नजर उलटी फिरली: मालकाची लेक भ्याली आणि गडी भूत झाला. व्यवहारात जो भितो, तोच कलेत भीतीचे कारण होऊन बसतो. प्रस्थापित कलेची ही जुनी हातचलाखी आहे.

या बायकांचे आणखी एक मत नोंदवण्यासारखे आहे. इंदूला भूत दिसते तेव्हा तिच्या भीतीचा छडा लावला जातो. आमच्यातली एखादी घुमू लागली, रात्री किंचाळू लागली की 'बाहेरचं' ठरवून तिला देवऋष्यापुढे बसवतात, भानामतीचे नाव घेतात, छड्यांनी मारतात. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय कैक वर्षांपासून आहे. अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर. तरी मनाचा आजार हा अजून ऐपतीचा आजार आहे. गरिबाला मन असते हे मान्य व्हायचे आहे.

प्रेक्षक चित्रपटाचा अर्थ बदलू शकतो काय? अमेरिकेत असे झाले आहे. १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' हा असाच तुटपुंज्या भांडवलाचा भयपट काढला. नायक ड्युएन जोन्स कृष्णवर्णीय होता. वाचन-चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला म्हणून घेतला, असे रोमेरो सांगत. पण चित्रपटाच्या शेवटी प्रेतांच्या तावडीतून वाचलेल्या त्या नायकाला बंदूकधारी गोरे लोक गोळी घालतात, आणि त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंगचा खून झालेला होता. प्रेक्षकांनी अर्थ लावला. दिग्दर्शकाच्या हेतूची वाट पाहिली नाही.

आपल्याकडे नरशाच्या शेजारी ठेवून पाहावा असा चित्रपट त्याच काळात निघाला होता. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. तिथेही एक मेलेला माणूस सत्ताधाऱ्याची झोप उडवतो. त्याचे नाव मारुती कांबळे. तो पांढरी चादर पांघरून येत नाही, पैंजण वाजवत नाही. त्याचे काय झाले, एवढेच एक मास्तर विचारीत राहतो आणि सहकाराचा सम्राट हिंदुराव घामाघूम होतो. एका मेलेल्या माणसाचे भूत झाले, दुसऱ्याचा प्रश्न झाला. दोन्ही चित्रपटांत अंतर आहे ते एवढेच, आणि ते फार मोठे आहे. भूत मांत्रिकाने उतरते, उलगड्याने विरते. प्रश्न उत्तर मिळेपर्यंत हटत नाही.

म्हणून 'हा खेळ सावल्यांचा' पाहू नये असे मी म्हणणार नाही. जरूर पाहावा. भूत खोटे असते हे सांगण्याचे धैर्य त्याने १९७६ साली दाखवले, हे श्रेय त्याचे आहे. आपल्या पोरांनी तो पाहावा, घाबरावे, गाणी गुणगुणावी. फक्त दिवे लागल्यावर उठून जाण्याआधी त्यांनी कोपीतला तो प्रश्न मोठ्याने विचारावा. सावल्या कोणाच्या होत्या हे समजले; दिवा कोणाच्या हातात होता?