शस्त्रांचीं नांवें आणि नांवांचा व्यापार

फर्ड्या वक्त्यास आपण ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतों, तेव्हां ती तोफ एके काळीं आपल्याच मुलखांत होती, याची आठवण फारशी कोणास नसते. १५४९ सालीं महंमद बिन हसन रूमी यानें अहमदनगर येथें ओतलेली ही सुमारें ५५ टनांची तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती. तेथून ती १६३२ सालीं विजापुरास गेली. परांडा व लातूर हीं गांवें १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यांत होतीं. तेव्हां लातूरकरानें तिच्या नांवाचा विचार करणें अस्थानीं ठरूं नये. मूळ नांव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणांगणाचा धनी; लोकांनीं तें आपल्या जिभेच्या वळणावर नेलें. दौलताबादेच्या तोफेचें दरबारी नांव ‘किलाशिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी. पण मागल्या टोकाचें मेंढ्याचें डोकें पाहून लोक तिला मेंढा तोफच म्हणतात. या नांवांत अतिशयोक्ति आहे खरी. परंतु ती तोफेविषयीं आहे, गोलंदाजाविषयीं नाहीं.

पुढें इंग्रजी लष्करानें नांवांच्या जागीं आंकडे आणिले. ‘थ्री-नॉट-थ्री’ हें नळीच्या व्यासाचें माप. ‘मार्क तीन’ म्हणजे तिसरी सुधारणा. आणि पहिल्या महायुद्धांत त्यापुढें तारा आला, तो कांहीं भाग गाळून बंदूक अधिक सोपी केली हें सांगण्यासाठीं. नव्या पिढीच्या अंगावर तिची काटकसर छापावयाची, हा प्रामाणिकपणा रुक्ष खरा, पण दुर्मिळ होय.

त्याचें कारण उघड आहे. शिपायास बंदूक दिली जाते. नागरिकास ती विकावी लागते. म्हणून कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरास बाजारानें ‘पीसमेकर’, म्हणजे शांति करणारा, म्हटलें. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचें पहिलें पिस्तूल ‘सतरा’ ठरलें, तें केवळ संस्थापकाच्या सतराव्या पेटंटामुळें. त्याच्या पहिल्या तीन पिढ्या शौकिनांनीं मागाहून मोजल्या. २०१० सालीं मात्र ‘चौथी पिढी’ हीं अक्षरें कंपनीनें स्वतः पिस्तुलावर कोरलीं. मोजणी हीच जाहिरात झाली, आणि हातांतलें चांगलें शस्त्र एका रात्रींत म्हातारें झालें.

आपल्या सरकारी कारखान्यांनींही हाच धडा गिरविलेला दिसतो. २०१४ च्या जानेवारींत कानपुराहून ‘निर्भीक’ हें रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठीं म्हणून बाजारांत आलें. दिल्लींतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारांत बळी पडलेल्या तरुणीस वृत्तपत्रांनीं ‘निर्भया’ म्हटलें होतें. नांवाचा धागा तेथला. वजन अर्धा किलो, तेव्हांची किंमत सुमारें १ लाख २२ हजार रुपये. त्यामागोमाग ‘निडर’ आलें आणि २०२३ सालीं ‘प्रबल’. आतां निर्भीक आणि निडर यांचा अर्थ एकच. पण एकाची नळी ३२ बोराची, दुसऱ्याची २२ बोराची. दुसऱ्याचें वजन पहिल्याच्या जवळजवळ निम्मेंच. हा भेद नांवांत कोठेंही नाहीं. जें नांव दोन वस्तूंतला भेद सांगत नाहीं, तें वस्तूचें नांवच नव्हे. तें गिऱ्हाइकाच्या मनांतल्या भीतीचें नांव आहे, उलटें करून लिहिलेलें.

या कारागिरीची निंदा करण्याचा हेतु नाहीं. हलकें शस्त्र घडविणें हा खरा गुण आहे, आणि तो सांगितला असता तर पुरेसा होता. परंतु शिक्षणासाठीं दूरदूरच्या गांवांहून लातुरास येणाऱ्या, खानावळींत जेवून संध्याकाळीं शिकवणीहून परतणाऱ्या मुलींचा विचार करा. ज्यांच्या भयाला हें नांव साद घालतें, त्या याच. शस्त्र कायद्याप्रमाणें एकविसाव्या वर्षाच्या आंत त्यांस स्वसंरक्षणासाठीं परवाना मिळणार नाहीं. आणि ती किंमत कित्येक घरांच्या वर्षाच्या कमाईएवढी. त्यांना हवा आहे तो रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी बस आणि तक्रार लिहून घेणारा अंमलदार. यांतल्या एकासही कोणी ‘निर्भीक’ असें नांव दिलेलें नाहीं.

मुलुखमैदान रणांगणाची धनीण म्हणवीत होती. ती कोणास शूर करीन असें म्हणत नव्हती. परवाना कचेरींतून मिळतो, निर्भयता मिळत नाहीं. ती देण्याचें काम समाजाचें आहे. तें पोलादावर कोरून विकणें म्हणजे आपलें देणें दुसऱ्याच्या खात्यावर लिहिणें होय.