दोन कादंबऱ्या आणि राज्यकर्त्यांची लाच

नवस्वतंत्र देशांतील राजकीय भ्रष्टाचार सर्वत्र एकाच जातीचा, असे मत सुशिक्षितांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. ह्या मताची परीक्षा ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी अरुण साधू ह्यांची ‘सिंहासन’ (१९७७) आणि नायजेरियाचे चिनुआ अचेबे ह्यांची ‘अ मॅन ऑफ द पीपल’ (१९६६) ह्या कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात.

अचेबे ह्यांचा मंत्री नांगा हा एके काळचा शाळामास्तर. तो खातो, पण वाटून खातो. म्हणून गावाला तो आपला वाटतो. त्याच गावातील एक दुकानदार जादूटोण्यासाठी आंधळ्या भिकाऱ्याची काठी लांबवितो, तेव्हा मात्र सारा गाव त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवितो आणि त्याचा धंदा बुडतो. गावातल्या माणसाचे चोरले तर शासन होते. सरकारचे चोरले तर कोणाचेच काही जात नाही, कारण सरकार हे गोऱ्यांनी उभारलेले, परके. कादंबरीचे सारे मर्म ह्या एका काठीत आहे. शेवटी लष्कर सत्ता घेते. आणि ज्या जानेवारी १९६६ मध्ये पुस्तक निघाले त्याच महिन्यात नायजेरियात खरोखरच लष्करी बंड झाले!

साधूंच्या मुंबईत लष्कर येत नाही. मुख्यमंत्री जिवाजीराव आणि त्यांना पाडू पाहणारे अर्थमंत्री दाभाडे आमदार मोजीत असतात. विधिमंडळ, पक्ष, कायदा सारे जागच्या जागी असते, आणि व्यवहार त्यांच्या आडोशानेच होतो. पुढे अंतुले ह्यांच्या सिमेंट-प्रकरणात हेच उघड झाले. सिमेंट नियंत्रित होते. बांधकाम व्यावसायिकांनी विश्वस्तनिधीस देणग्या दिल्या. देणग्या व सिमेंटवाटप ह्यांचा संबंध असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये दिला आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. येथली देवघेव अशी रीतसर पावती फाडून होते. पुढच्याच महिन्यात सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले. (आमच्या कोथरूडात तेव्हा नवी घरे उठत होती; पोत्यापोत्याला परवाना म्हणजे काय, हे येथल्या जुन्या रहिवाशांस सांगावयास नको.)

ह्या यंत्राचे चित्रण साधूंनी निर्विवाद अव्वल केले आहे. तथापि अचेबे गावालाही जाब विचारतात, तसा साधू मतदाराला फारसा विचारीत नाहीत. त्यांची फिर्याद सचिवालयाच्या जिन्यापाशी थांबते. तेथून उतरून, परवान्याच्या रांगेतल्या सज्जन गृहस्थाच्या खिशात हात घालणारी मराठी कादंबरी निदान माझ्या वाचनात आलेली नाही.