आल्फोन्सो क्वारोन : दृष्टी आणि सहानुभूती

कलावंताच्या वाटचालीचा आढावा घेताना समीक्षक पुष्कळदा तिच्याकडे यशाचा जिना म्हणूनच पाहतात. मेक्सिको शहरात १९६१ साली जन्मलेले दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांच्या बाबतीत तर हा मोह फारच सुलभ आहे. १९९१ साली मायदेशात पहिला चित्रपट, पुढे हॉलिवूड, 'ग्रॅव्हिटी'साठी २०१४ मध्ये आणि 'रोमा'साठी २०१९ मध्ये दिग्दर्शनाचे ऑस्कर : एवढे सांगितले की चरित्र पूर्ण होते. परंतु त्यांच्या कलेचा खरा प्रश्न या क्रमातून हाती लागत नाही. जी स्त्री परक्या घरात राबून तेथील मुले वाढवते, तिच्याकडे त्या घरातील मुलाने, कलावंत झाल्यावर, कोणत्या दृष्टीने पाहावे, हा तो प्रश्न होय.

त्याचे पहिले रूप 'अ लिटल प्रिन्सेस' (१९९५) मध्ये दिसते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या कादंबरीतील सारा भारतात वाढलेली. चित्रपटात ती रामसीतेची कथा सांगते. वैभव जाताच तिला बेकी या मोलकरणीशेजारी माळ्यावर राहावे लागते. कादंबरीच्या अखेरीस बेकी साराची परिचारिका होते. चित्रपटात ती बरोबरीच्या नात्याने घरी जाते. हा बदल उदार खरा, पण त्याचे स्वरूप परीकथेतील वरदानाचे आहे. अन्याय असा कल्पनेतच मिटला, की तो निरखून पाहण्याची गरज उरत नाही.

'ई तू मामा ताम्बिएन' (२००१) साठी क्वारोन मायदेशी परतले आणि त्यांची दृष्टी पालटली. दोन तरुण एका स्त्रीसमवेत मोटारीने समुद्राकडे निघालेले असतात. वाटेत तेपेलमेमे नावाचे गाव लागते. तेनोचला जिने वाढवले, जिला तो लहानपणी आई म्हणे, तिचे हे जन्मगाव असल्याचे निवेदक सांगतो. तेनोच अवाक्षर काढत नाही; मोटार पुढे जाते. दुसऱ्या एका प्रसंगी कॅमेरा नायकांना सोडून एका वृद्धेमागून खानावळीच्या स्वयंपाकघरात शिरतो. पात्रांना जे दिसत नाही ते कॅमेरा पाहतो, मात्र क्षणभरच. 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६) मध्ये निर्वासित कृष्णवर्णीय तरुणी मानवजातीची आशा ठरते, तथापि तिला पाहणारे डोळे इंग्रज नायकाचेच राहतात.

तेपेलमेमे हे क्वारोन यांना सांभाळणाऱ्या लिबो यांचेही गाव. 'रोमा' (२०१८) त्यांनाच अर्पण केलेला आहे. १९७०-७१ मधील मेक्सिको शहरातील एका मध्यमवर्गीय घराचे हे कृष्णधवल चित्रण क्वारोन यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने केले. यालित्सा आपारिसिओ यांनी साकारलेली क्लिओ दूरदर्शन संचापुढे मुलांजवळ बसते, एक मुलगा तिला बिलगतो, आणि तेवढ्यात मालकीण तिला साहेबांसाठी चहा आणावयास सांगते. माया आणि चाकरी एकाच चौकटीत, एकमेकींना खोटे न ठरवता, उभ्या राहतात. वरदानापेक्षा हे सत्य अधिक कठीण आहे.

क्लिओ फार थोडे बोलते, तिचे अंतरंग आपल्याला अज्ञातच राहते, असा आक्षेप काहींनी घेतला. तो सहज बाजूला सारण्याजोगा नव्हे. स्वानुभव आणि सहानुभूती यांतील अंतर दलित साहित्याने मराठी वाचकाला दाखवून दिलेले आहे. ते केवळ सद्भावनेने भरून निघत नाही. समुद्रकिनाऱ्यावरील आलिंगनाच्या प्रसंगी क्लिओचे अपार दुःख त्या कुटुंबाच्या प्रेमात विरघळून जाते की काय, अशी शंका मलाही आली. परंतु चित्रपट तेथे थांबत नाही. जिने बुडणाऱ्या मुलांना वाचवले तिच्याजवळ, घरी परतताच, मूल केळ्याचे दूध मागते. सोबतीण अदेलाला 'तुला पुष्कळ सांगावयाचे आहे' अशा अर्थाचे काही बोलून क्लिओ कपड्यांचे गाठोडे घेऊन गच्चीकडे जाते, आणि चित्रपट संपतो.

ते सांगणे आपल्याला ऐकू येत नाही. ते ऐकवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे क्वारोन यांनी ओळखले, असे मी मानतो. २००१ साली न थांबता गेलेली मोटार सतरा वर्षांनी परत आली आणि दारापाशी थांबली. दाराच्या आत जे आहे ते क्लिओच्या बाजूच्या कोणीतरीच सांगावयास हवे. 'रोमा'चे मोठेपण मान्य करूनही ही अपेक्षा उरतेच.